क्रोम बॉल आणला, तरी लाइटिंग जुळेना: नवा गोळा घेण्याआधी काय तपासायचं

"गोळाच खराब निघाला वाटतं. दुसरा कुठला घेऊ?"

हा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. कधी म्हापशात आर्किटेक्टकडे थ्रीडी करणाऱ्या मुलाचा, कधी फोंड्याहून, एकदा तर कुडाळहून. माझंही काम तेच. जागेचा फोटो घ्यायचा आणि अजून न बांधलेलं घर किंवा न बनलेलं फर्निचर त्यात बसवायचं. वस्तू त्याच उजेडात उभी दिसावी म्हणून जागेवर आरशासारखा गोळा, म्हणजे क्रोम बॉल, ठेवून त्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे (उजेड कमी-जास्त घेतलेले) फोटो काढायचे, जोडून एचडीआर करायचा, म्हणजे सावलीपासून उन्हापर्यंतचा सगळा उजेड नोंदलेलं एकच चित्र, आणि ते सपाट पॅनोरमात उलगडून थ्रीडी सॉफ्टवेअरला द्यायचं. संगणक-चित्रणाचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली. मधल्या काळात ३६० अंशांचे कॅमेरे आले, तरी घाईच्या शूटवर दोन मिनिटांत काम उरकायचं तर गोळ्यासारखं दुसरं काही नाही.

बहुतेक वेळा गोळा निर्दोष असतो. पण कधीकधी खरोखरच गोळा गेलेला असतो, आणि तो पहिल्यांदा विकत घेतानाच ओळखता आला असता. दोन्ही गोष्टी इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं, ते आधी बघा.

- रेंडरमधली (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या चित्रातली) सावली चुकीच्या बाजूला पडते. ऊन उजवीकडून, सावलीही उजवीकडेच.
- सावली बाजूला बरोबर आहे, पण फिकी, पिठूळ. कडक उन्हातली वाटत नाही.
- सगळ्या प्रतिबिंबावर धुरकट पडदा.
- पॅनोरमात एका जागी सगळं चिमटून एका टोकाला ओढल्यासारखं दिसतं.
- मधोमध तुम्ही स्वतः, ट्रायपॉड आणि पायातली चप्पल.
- क्षितिजाची रेघ लाटेसारखी वर-खाली होते.
- सगळं थोडं काळपट, वर पिवळसर.

शेवटून दुसरं लक्षण असेल तर गोळ्यावर संशय घ्यायला जागा आहे. बाकीच्यांत आधी पुढचं करा, त्याला पैसे पडत नाहीत.

१. गोळा पुसला होता का?

हसू नका. गोव्यात आश्वे किंवा केरीच्या किनाऱ्यावर अर्धा तास गोळा उघडा राहिला की वाऱ्यातल्या खाऱ्या तुषारांचा थर त्यावर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण सूर्याभोवती मोठं तेजोवलय येतं आणि अख्ख्या चित्रातला काळा रंग करडा होतो. कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण आणि वाळू पॉलिशवर ओरखडे काढतात. आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग मायक्रोफायबरने टिपा. टिपा म्हणजे टिपाच.

दुसरा प्रकार एसीचा. गाडीतून थंडगार गोळा काढला आणि दमट हवेत ठेवला की त्यावर दव धरतं, बर्फाच्या ग्लासावर धरतं तसं. पुसलं तरी परत येतं, कारण धातू अजून थंडच असतो. गोळा डिकीत ठेवत जा, किंवा जागेवर पोचल्या पोचल्या बाहेर काढून वीसेक मिनिटं थांबा. जून ते सप्टेंबरमध्ये तर याला पर्यायच नाही.

२. चित्र उलटं आहे का?

गोळ्यातलं चित्र म्हणजे आरशातलं चित्र, डावं-उजवं फिरलेलं. काही सॉफ्टवेअर उलगडताना ते आपोआप सरळ करतात, काही करत नाहीत, आणि काहींत चौकोनावर टिक करावी लागते.

माझी पहिली फजिती हीच. आसगावच्या एका जुन्या घराच्या अंगणात नवा मांडव दाखवायचा होता. रेंडर मालकांना पाठवलं. ते म्हणाले, "छान आहे हो, पण आमच्याकडे संध्याकाळचं ऊन विहिरीच्या बाजूने येतं." मी दोन दिवस सूर्य फिरवत बसलो. शेवटी पॅनोरमा पूर्ण मोठा करून पाहिला, तर समोरच्या बेकरीच्या पाटीवरचं "पाव" उलटं लिहिलेलं होतं. तेव्हापासून गोळ्याच्या आसपास अक्षर असलेलं काहीतरी मुद्दाम ठेवतो, अगदी वर्तमानपत्रसुद्धा चालतं. उलगडलेल्या चित्रात ते सरळ वाचता आलं पाहिजे.

गोव्यापुरती एक सूचना. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी सावली पायाखालीच असते, त्यामुळे बाजू चुकलीय की नाही ते सावलीवरून कळत नाही. पाटीच बघा.

३. वर्तुळ नेमकं कापलंत का?

चिमटलेल्या चित्राचं कारण बहुधा इथेच सापडतं. गोळ्याच्या मधोमध कॅमेऱ्याची बाजू दिसते. मध्यापासून कडेकडे जाल तसं प्रतिबिंब बाजूला आणि मग मागे वळत जातं. त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्क्यांवर नेमकी काटकोनातली दिशा येते. म्हणजे गोळ्याच्या मागचं अर्धं जग उरलेल्या २९ टक्क्यांत कोंबलेलं असतं. शेवटच्या २ टक्क्यांत तर तब्बल २३ अंश आहेत.

आकड्यात सांगतो. फोटोत गोळा ३००० पिक्सेल रुंद असेल तर त्रिज्या १५००, आणि तिचे २ टक्के म्हणजे ३० पिक्सेल. तुम्ही हाताने वर्तुळ काढताना दहा पिक्सेल आत कापलंत, की मागच्या बाजूचे तेरा-चौदा अंश गेले. दहा पिक्सेल बाहेर कापलंत, की मागची भिंत जगाच्या टोकाला पसरली. म्हणून २०० टक्के झूम करून चारही बाजू बघा. गोळा काळपट भिंतीपुढे असेल आणि कडही काळपट असेल, तर सर्वांत उजळ एक्स्पोजरवर कड शोधा आणि तेच वर्तुळ सगळ्या फोटोंना लावा.

वर्तुळ बसतच नाही, अंडाकृती लागतंय? मग एकतर गोळा फ्रेमच्या कोपऱ्यात होता, किंवा लेन्स वाइड होती. गोळा मध्यभागी घ्या, जमेल तेवढी लांब लेन्स लावा, दोन मीटर तरी मागे जा. जवळून काढल्यास आणखी एक तोटा होतो. गोळ्याच्या पाठीमागचा काही भाग त्याच्यात दिसतच नाही. १५ सेंमी व्यासाचा गोळा अर्ध्या मीटरवरून काढला तर मागे साडेआठ अंश त्रिज्येचं भोक राहतं. दोन मीटरवरून ते दोन अंशांवर येतं.

४. कॅमेऱ्याची सेटिंग्ज

यावर थोडक्यात लिहितो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स एकाच जागी बांधलेला, आणि एक्स्पोजर बदलायचं ते फक्त शटरने. अपर्चर बदललं की फोकसची खोली बदलते, आणि कडा एकमेकींवर बसत नाहीत. एफ ११ ला १/४०००, १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद, असे सात फोटो दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ढग पळत असतील तर भराभर घ्या. एका फोटोत ऊन आणि पुढच्यात सावली असं झालं तर तो संच टाकून द्या, जोडत बसू नका.

फोकस मात्र नीट समजून घ्या. गोळ्याच्या पृष्ठभागावर धूळ आणि ओरखडे असतात, ऑटोफोकस तेच पकडतो. प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतं, ते आत असतं. लांबच्या वस्तूंसाठी त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे १५ सेंमीच्या गोळ्यात साधारण पावणेचार सेंमी आत. मॅन्युअल फोकसने दूरचं माडाचं झाड तीक्ष्ण करा आणि मग हात लावू नका.

५. सूर्य जळालाय का?

म्हणजे फोटोत सूर्य नुसता पांढरा होऊन त्याचं खरं तेज नोंदायचं राहिलंय का? सावली फिकी येण्याचं हे मुख्य कारण. सूर्याची थाळी ही उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा साधारण ५०,००० पट तेजस्वी असते, म्हणजे जवळपास १६ स्टॉप. वरच्या संचातल्या १/४००० च्या फोटोतही ती कापलेलीच येते. शिवाय ती अगदी लहान असते. अर्धा अंश रुंद, ३००० पिक्सेलच्या गोळ्यात जेमतेम ७ पिक्सेल. दिसायला पांढरा ठिपका आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्या ठिपक्यात जितकी ऊर्जा असायला हवी तिच्या काही शे पटींनी कमी नोंदलेली असते. मग सॉफ्टवेअरला आकाश सूर्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि कडक उन्हाचा ढगाळ दिवस होतो.

उपाय दोन. एक, दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावून आणखी दोन-तीन फोटो. फिल्टरची स्वतःची रंगछटा असते, तीही काढावी लागते. दुसरा स्वस्त उपाय मला जास्त आवडतो: त्याच जागी करडा कार्ड अर्धा उन्हात, अर्धा सावलीत धरून एक फोटो घ्या. घरी तेच कार्ड थ्रीडीत उभं करा, आणि ऊन-सावलीतला फरक फोटोइतका होईपर्यंत सॉफ्टवेअरमधला सूर्याच्या तीव्रतेचा आकडा वाढवत जा. अर्ध्या तासाचं काम.

डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, गोळ्यातल्या सूर्यावर लांब लेन्सने फोकस करतानाही नाही. मागच्या स्क्रीनवर बघा. एनडी लावलाय म्हणून डोळा सुरक्षित असं समजू नका. साध्या एनडीतून अवरक्त किरण जाऊ शकतात.

६. मध्ये तुम्ही आहात

एकाच बाजूने काढलं तर मध्ये तुम्ही आणि कडेला चिमटा, हे व्हायचंच. गोळ्याभोवती ९० अंश फिरून दुसरा संच घ्या. पहिल्यात जिथे तुम्ही आहात ती दिशा दुसऱ्यात बाजूला, चांगल्या तपशिलात येते. पहिल्यातली चिमटलेली पाठही तशीच. दोन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन जोडायचं. तिसरा संच घेतला तर बरं, नाही घेतला तरी चालतं. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. पणजीत फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीत तो तुमच्याच गोळ्यावर रिफ्लेक्टर होतो.

७. आता गोळ्याकडे या

इथपर्यंत येऊनही क्षितिज लाटेसारखंच असेल तर गोळा तपासायचा. त्यासाठी लागतं फक्त एक ट्यूबलाइट आणि एक चुंबळ. पाण्याच्या घागरीखाली असते ती. ती नसेल तर पीव्हीसी पाइपचा कापलेला तुकडा घ्या.

गोळा चुंबळीवर ठेवा, डोकं हलवू नका, आणि गोळा हळूहळू जागच्या जागी फिरवा. गोळा खरोखर गोल असेल तर तो फिरतोय हे प्रतिबिंबावरून कळताच कामा नये, ट्यूबची रेघ स्थिर राहील. एखाद्या जागी ती नाचली, बारीक झाली, किंवा तुटून परत जुळली, तर तिथे पोचा आहे. माझा पहिला गोळा मी या पद्धतीने तपासला तेव्हा रेघ दोन जागी अशी वळवळली, जणू कुणी पाण्यात खडा टाकला. दुकानात तो चकचकीत दिसला होता. चकाकी आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला गोलाई हवी असते.

कारण असं: पृष्ठभाग एका अंशाने कललेला असेल तर परतणारा किरण दोन अंशांनी चुकतो. सूर्य अर्ध्या अंशाचा, चूक दोन अंशांची, म्हणजे सूर्य चार सूर्यांइतका सरकला. त्यामानाने एखादा खोल ओरखडा परवडतो, तो फोटोतून पुसता येतो. सगळीकडे बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर मात्र नाही. ते मिठाच्या थरासारखंच धुरकट करतं आणि पुसून जात नाही.

बाजारात मिळणारे पर्याय आणि माझं मत:

रेलिंग-गेटवर बसवतात ते स्टेनलेस स्टीलचे पोकळ गोळे. सहा इंची घ्या. चार इंचीने फ्रेम भरायला जवळ जावं लागतं, मग त्यात कॅमेरा फार मोठा दिसतो; आठ इंची सांभाळणं जिकिरीचं. दुकानदाराला पाच-सहा गोळे काढायला लावा आणि सगळ्यांची ट्यूबलाइट परीक्षा घ्या. तो वैतागेल, वैतागू द्या. ग्रेड ३०४ हवी, बिलावर लिहून घ्या. २०२ मध्ये निकेल कमी असतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्यावर चहाच्या थेंबांसारखे तपकिरी डाग लवकर येतात. चुंबक लावून फरक कळतो असं सांगणारे भेटतील. या दोन्ही ग्रेड मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, आणि दाबून घडवल्यावर दोन्ही थोड्या चिकटू शकतात, तेव्हा त्या परीक्षेला अर्थ नाही.

हे गोळे दोन अर्ध्या वाट्या जोडून बनतात आणि जोडाशी पट्टा किंचित चपटा असतो. भोक खाली ठेवून दांडीवर बसवला तर बहुतेक गोळ्यांत हा जोड आडवा, नेमका क्षितिजावर येतो. म्हणून भोक मागे, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि दांडी मागून आडवी आणा. जोड कडेला जातो, दांडी गोळ्याआड लपते. ९० अंश फिरताना स्टँडही आपल्याबरोबर फिरवा.

भरीव बेअरिंगचे गोळे गोलाईत अप्रतिम असतात, पण १० सेंमीचा गोळा चार किलोंच्या पुढे जातो आणि बेअरिंगचं साधं पोलाद स्टेनलेस नसतं. एका पावसाळ्यात गंजेल. लहान, पाच सेंमीचा, तेल लावून टेबलटॉप कामासाठी ठेवायला हरकत नाही.

डिसेंबरात म्हापशाच्या बाजारात नाताळचे चंदेरी काचगोळे मिळतात. अडीनडीला ठीक, पण ते हुबेहूब गोल नसतात, आणि चांदी काचेच्या आतून असल्याने कडेला दुहेरी प्रतिमा दिसते. आणि हो, एकाने खरंच पार्टीतला डिस्को बॉल आणला होता. त्याचे आरसे सपाट असतात. चालत नाही.

८. काळपट आणि पिवळसर

पॉलिश केलेलं स्टील पडलेल्या उजेडापैकी साधारण ६० टक्केच परत देतं, तेही किंचित पिवळट. हा दोष नाही, गुणधर्म आहे. पांढरा कागद अशा जागी धरा की तो थेटही दिसेल आणि गोळ्यातही. रॉमध्ये दोन्हींचे लाल, हिरवा, निळा आकडे वाचा आणि गोळ्यातल्या आकड्यांना थेट दिसणाऱ्या कागदाच्या आकड्यांनी भागा. आलेल्या तीन आकड्यांनी एचडीआरला भागलं की झालं. एकदा मोजलं की तो गोळा आहे तोवर पुरतं.

गोळ्याचा खालचा अर्धा लालसर दिसला तर मात्र हात आवरा. ती जांभ्या चिऱ्यांची आणि मातीची लाली आहे, जागेवर ती खरीच असते. ऑटो व्हाइट बॅलन्सने ती घालवलीत तर रेंडर गोव्यातलं वाटणार नाही.

कुठे थांबायचं

पोचा हातोडीने काढायला जाऊ नका. एकाचे दोन होतात. धुरकट पॉलिश घरच्या ड्रिलला बफ लावून घासलं तर एका जागी जास्त घासलं जातं आणि गोलाई जाते. हे काम बफिंगवाल्याकडे द्या, आणि त्यालाही आधी विचारा की गोळा सतत फिरवत करणार का. क्रोमचा मुलामा फक्त प्लेटिंगच्या कारखान्यात, त्यातली रसायनं विषारी असतात.

भोक नसलेल्या बंद पोकळ गोळ्यावर वेल्डिंग करायला कुणालाही सांगू नका, आणि स्वतः तर मुळीच नको. आतली हवा आणि अडकलेला ओलावा तापून गोळा फुटू शकतो. दांडी बसवायची तर नट बसवलेलाच गोळा घ्या, नाहीतर फॅब्रिकेटरला आधी भोक पाडायला सांगा.

आणि काम चित्रपटाचं असेल, हलत्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये वस्तू बसवायची असेल, शूट पुन्हा होणार नसेल, तर गोळा आपल्याजवळ ठेवाच, पण व्हीएफएक्सचा सेटवरचा माणूस बोलवायला निर्मात्याला आधीच सांगा. त्याच्याकडे फिशआय, पॅनोरमा हेड आणि मोजमापाची साधनं असतात. हे शूटच्या आदल्या दिवशी सांगायचं. सूर्य कलल्यावर सांगून काही उपयोग नसतो.

तो माझा पोचा पडलेला पहिला गोळा मी टाकला नाही. त्यावर करड्या मॅट प्रायमरचे दोन हात मारले. आता प्रत्येक जागी क्रोमच्या शेजारी त्याचाही एक फोटो घेतो, सूर्याचा आकडा जुळवायला कार्डापेक्षा तो बरा पडतो. चमक नसल्यामुळे पोचा दिसतही नाही.